साठा दोनदा वजा का होत होता: आपल्या दोन स्टारच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

गूगल शीट्ससाठीच्या आमच्या साठा-नोंद स्क्रिप्टला आपण दोन स्टार दिलेत. आपली तक्रार अशी: आपल्या ग्राहकाच्या दुकानात एकेक विक्री टाइप केली तर कधी सगळं नीट होतं, कधी नोंदीचा मेलच जात नाही, कधी साठा दोनदा वजा होतो. चाळीस ओळी पेस्ट केल्या तर काहीच होत नाही. बिलिंग प्रोग्रामने टाकलेल्या ओळींची दखलच घेतली जात नाही. आणि सपोर्टने 'इंटरनेट तपासा' म्हणून सांगितलं.

इंटरनेटचं उत्तर चुकीचं होतं. ॲप्स स्क्रिप्ट, म्हणजे शीट्समध्ये आपोआप कामं करून घेण्याची गूगलची सोय, गूगलच्या सर्व्हरवर चालते. नोंद शीटमध्ये उमटली, की पुढच्या गोंधळाशी दुकानातल्या वाय-फायचा संबंध उरत नाही. हे आमच्या सपोर्टच्या मुलांना शिकवणं माझं काम होतं आणि ते राहिलं. त्याबद्दल क्षमस्व.

पेस्टचं कारण साधं आहे. शीटमध्ये बदल झाला की आपोआप धावणाऱ्या फंक्शनला, म्हणजे ऑनएडिटला, बदललेली व्हॅल्यू मिळते ती एकच सेल बदलला तर. जास्त सेल बदलले की ती अनडिफाइन्ड, म्हणजे रिकामी, येते आणि हातात फक्त रेंज, म्हणजे कोणते सेल बदलले एवढंच, राहते. आमच्या फंक्शनची पहिलीच ओळ होती: व्हॅल्यू नसेल तर परत फिरा. कुणी सेल पुसला तर काही होऊ नये म्हणून ती लिहिली होती. तुमच्या चाळीस ओळीही तिने दारातूनच परत पाठवल्या.

दोनदा वजा होण्याचा दोष मात्र शोधायला आम्हाला तीन दिवस लागले. फंक्शन आपोआप सुरू करणाऱ्या व्यवस्थेला ट्रिगर म्हणतात. फक्त फंक्शनच्या नावावरून चालणाऱ्या सिंपल ट्रिगरला मेल पाठवण्याची परवानगी नसते, म्हणून सेटअपमध्ये आम्ही खात्याच्या परवानगीने मुद्दाम लावायचा इन्स्टॉलेबल ट्रिगर लावत होतो. पण फंक्शनचं नाव ऑनएडिटच ठेवलं. त्यामुळे एका बदलाला ते दोनदा धावायचं, एकदा नावामुळे आणि एकदा लावलेल्या ट्रिगरमुळे. ते आधी ओळीवर 'नोंद झाली' अशी खूण आहे का बघतं, मग खतावणीत वजावट टाकतं, खूण करतं आणि शेवटी मेल पाठवतं. इन्स्टॉलेबल फेरी आधी संपली तर सगळं सुरळीत. सिंपल फेरी आधी संपली तर ती खूण करून मेलपाशी अडायची, आणि दुसरी फेरी खूण बघून परत जायची, म्हणजे मेल नाहीच. दोन्ही एकदम धावल्या तर दोघींनाही खूण दिसायची नाही आणि खतावणीत वजावट दोनदा पडायची. तुम्हाला दिसलेले तिन्ही प्रकार एकाच चुकीतून आले होते, आणि ती चूक पूर्णपणे आमची.

नव्या आवृत्तीत फंक्शनचं नाव बदललं आहे, खूण तपासण्यापासून खूण करण्यापर्यंतचं काम डॉक्युमेंट लॉकच्या (एका वेळी एकच फेरी आत सोडणाऱ्या कुलपाच्या) आत घेतलं आहे, आणि पेस्ट झालेल्या रेंजची प्रत्येक ओळ तपासली जाते.

बिलिंग प्रोग्रामच्या ओळी लगेच उचलल्या जाव्यात ही तुमची अपेक्षा मात्र मला पूर्ण करता येणार नाही. एपीआयने (एका प्रोग्रामने दुसऱ्याशी थेट बोलण्याच्या मार्गाने) किंवा दुसऱ्या स्क्रिप्टने सेलमध्ये लिहिलं तर एडिटचा ट्रिगर चालत नाही, हा ॲप्स स्क्रिप्टचा नियमच आहे. तो आमच्या माहितीपत्रकात ठळक छापायला हवा होता, आता छापला आहे. त्यावर उपाय म्हणून दर 15 मिनिटांनी चालणारा ट्रिगर खूण नसलेल्या ओळी गोळा करतो. दर मिनिटाला का नाही, असं तुम्ही विचाराल. साध्या खात्याला ट्रिगरसाठी दिवसाला एकूण 90 मिनिटं मिळतात. दर मिनिटाला चालवलं तर एका फेरीच्या वाट्याला पावणेचार सेकंद येतात, आणि मोठ्या शीटला तेवढे पुरत नाहीत.

नवी आवृत्ती टाकण्याआधी एक काम नक्की करा. दुकानात ज्या ज्या खात्यातून 'सेटअप' दाबलं गेलं असेल, त्या प्रत्येक खात्यात जाऊन जुना ट्रिगर काढा. एका खात्याला दुसऱ्याचा ट्रिगर दिसत नाही, पण तो चालत राहतो. मालकाने आणि हिशेबनीसाने दोघांनीही सेटअप केलं असेल तर तो दोन्ही खात्यांतून काढावा लागेल.

तुमच्या ग्राहकाची खतावणी चुकली आहे ती आमच्यामुळे. शीटची प्रत आम्हाला पाठवा. दुबार वजावटीच्या ओळी शोधून, तुम्हाला दाखवून, मगच काढू. त्याचे पैसे घेणार नाही. आणि स्क्रिप्ट परत करायची असेल तर पूर्ण रक्कम मिळेल, अभिप्राय बदलण्याची अट नाही.