वेगळे डबे ही ‘रूढी’ होती, तर कर्मचाऱ्याला दंड कशासाठी?

एक मजकूर सध्या खूप फिरतो आहे: ‘लिंकनने १८६३ मध्ये अमेरिकेतली गुलामगिरी संपवली. पुढे गोरे आणि कृष्णवर्णीय आपापल्या मर्जीने वेगळे राहू लागले. कायद्याने त्या रूढीची नुसती नोंद केली.’

आधी तारीख. लिंकनचा १८६३ चा जाहीरनामा गृहयुद्धातल्या फक्त बंडखोर प्रदेशांना लागू होता. बंडात नसलेल्या केंटकी, डेलावेअर या राज्यांमधले गुलाम गुलामच राहिले. देशभर बंदी आली डिसेंबर १८६५ मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीने. तीतही गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तमजुरीला वाट होतीच. मिसिसिपी राज्याने तर नोव्हेंबरातच कायदा करून ठेवला होता: मुक्त झालेला माणूस बेकार सापडला की ५० डॉलरपर्यंत दंड, पाच दिवसांत भरला नाही, तर जो दंड भरेल त्याच्याकडे शेरीफ (स्थानिक पोलीसप्रमुख) त्याला राबायला देणार.

आता ‘मर्जी’. मुक्त झालेल्यांनी स्वतःची चर्च उभारली, हे खरं. पण लुइझियाना राज्यातलं न्यू ऑर्लिन्स शहर बघा. तिथे आंदोलन करून लोकांनी १८६७ मध्ये वेगळ्या ट्रामगाड्या बंद पाडल्या आणि पुढची ३५ वर्षं सगळे एकाच ट्राममध्ये बसत होते. ते मोडलं १९०२ च्या कायद्याने.

रेल्वेसाठी लुइझियानाने १८९० मध्येच कायदा केला होता. चुकीच्या डब्यात हट्टाने बसणाऱ्याला २५ डॉलर दंड किंवा २० दिवसांपर्यंत कैद. प्रवाशाला चुकीच्या डब्यात बसवणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्यालाही तीच शिक्षा. आपोआप पाळल्या जाणाऱ्या रूढीला अशी कलमं लागत नाहीत. शिवाय एक सवलत होती: दुसऱ्या वंशाच्या मुलाला सांभाळणारी दाई त्याच्याबरोबर बसू शकत होती. म्हणजे कृष्णवर्णीय बाई नोकर म्हणून शेजारी चालत होती, तिकीट काढलेली प्रवासी म्हणून नाही. या कायद्याचा सगळा हेतू मला त्या एका कलमात दिसतो.

‘कोणी विरोध केला नाही’ असंही त्या मजकुरात आहे. कायद्याने कृष्णवर्णीय ठरवलेला होमर प्लेसी १८९२ मध्ये या रेल्वे कायद्याला आव्हान द्यायला ठरवून गोऱ्यांच्या डब्यात बसला आणि अटक झाला. सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये ७ विरुद्ध १ मतांनी त्याच्याविरुद्ध निकाल दिला. पुढे २५ हून अधिक शहरांत लोकांनी ट्रामवर बहिष्कार घातला. मतपेटीचा रस्ता मात्र बंद करण्यात आला होता. लुइझियानाच्या १८९८ च्या राज्यघटनेने मतदारावर साक्षरतेची किंवा मालमत्तेची अट घातली. १ जानेवारी १८६७ पूर्वी ज्याच्या बापाला किंवा आजोबाला मत होतं, त्याला सूट. त्या तारखेला तिथे कृष्णवर्णीयांना मतच नव्हतं. १८९६ मध्ये त्यांचे १,३०,३३४ मतदार नोंदलेले होते. १९०४ मध्ये उरले १,३४२.