बायो शिकायचं, पण कोणाच्या पैशांनी?

गेल्या रविवारी नाशिकहून ताईचा फोन आला. भाची मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. झाली आणि बोस्टनच्या एका विद्यापीठात बायोटेक्नॉलॉजीच्या एम.एस.ला तिला प्रवेश मिळालाय. बँक ४५ लाख द्यायला तयार आहे, तारण भाऊजींचा फ्लॅट. इतकं सगळं ठरल्यावर ताईने मला विचारलं, "अमेरिकेत बायोला स्कोप आहे ना रे?"

स्कोप! बारावीला पीसीबी घेतलं तेव्हापासून हा शब्द माझ्या मागे आहे. मेडिकलला नंबर लागला तर बायो घेतल्याचं सार्थक, नाही लागला तर "आता बी.एस्सी. करून काय करणार?" सीईटी जाऊन नीट आली तरी घरोघरी संवाद तोच. स्कोप जणू विषयालाच चिकटलेला असतो. बावीस वर्षं नॉर्थ कॅरोलिनात प्रयोगशाळांतून काढल्यावर मला वाटतं, आपण विषयाची चौकशी करतो आणि पैशाची करायची विसरतो.

इथे अमेरिकेतही हा वाद आहे, फक्त तो आकड्यांत चालतो. केंद्रीय शिक्षण खात्याच्या 'कॉलेज स्कोअरकार्ड'वर विद्यापीठ आणि विषय निवडला की तिथल्या पदवीधरांची मधोमधची (मीडियन) कमाई आणि तसंच मधोमधचं कर्ज समोर येतं. कॉम्प्युटर सायन्सच्या शेजारी बायोलॉजीचे आकडे केविलवाणे दिसतात. पण त्यात एक मेख आहे. हे आकडे नोकरी करणाऱ्यांचे असतात, पुढे शिकत असलेले त्यात धरत नाहीत. बायोलॉजीची पदवी घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जण कधी ना कधी पुढची पदवी घेतात. म्हणजे पहिल्या काही वर्षांचा आकडा मुख्यतः पदवीवर थांबलेल्यांचा, उद्याचे डॉक्टर आणि संशोधक त्यात नाहीतच. जुलै २०२५ च्या कायद्याने तर ज्या अभ्यासक्रमाचे पदवीधर नुसत्या बारावी पास माणसापेक्षा कमी कमावतात, त्याचं सरकारी कर्जच बंद करायचं ठरवलंय. आपल्या काकालोकांचा स्कोप अमेरिकेने कायद्यात घातला म्हणायचं.

माझ्या मुलीने गेल्या मे महिन्यात इथल्याच सरकारी विद्यापीठातून बायोलॉजी केलं. आई-वडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला सरकारी कर्ज पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि पुढे दरसाल ७,५०० डॉलर, त्याहून जास्त मिळत नाही. चार वर्षांचे झाले २७,०००. ते सगळे तिने घेतले, वरचे आम्ही भरले. आता ती एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, पगार वर्षाला ४४,०००. म्हणजे कौतुक करण्यासारखा नाही. पण दहा वर्षांच्या फेडीचा हप्ता महिना २९० च्या आसपास, हातात येणाऱ्या पैशांचा साधारण दहावा भाग. ती कुरकुरते आणि भरते. तिला बायोच्या स्कोपने तारलेलं नाही, कर्जाला वर झाकण होतं म्हणून ती तरली. (मेडिकलची पोरं दोन-दोन लाख डॉलरचं कर्ज घेऊन बाहेर पडतात, पण त्यांच्या पुढे डॉक्टरचा पगार असतो. टेक्निशियनच्या पुढे नसतो.)

भाचीच्या कर्जाला झाकण नाही. फ्लॅटची किंमत जिथवर, तिथवर बँक देणार. ४५ लाख, ११ टक्के, दहा वर्षं: हप्ता ६२,००० रुपये, शिकत असतानाचं व्याज वेगळंच. डॉलरमध्ये पगार असला तर हा हप्ता निघतो, नाही असं नाही. पण विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर नोकरीला एक वर्ष मिळतं, विज्ञानशाखेची म्हणून आणखी दोन, आणि मग एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी. चिठ्ठी निघाली नाही तर परत नाशिक. आता तिकडचा आकडा बघा. देशभरातून परीक्षा देऊन मिळणारी जेआरएफ ही संशोधनाची पाठ्यवृत्ती, जी मिळाली की आपल्याकडे पेढे वाटतात, ती २०२३ पासून महिना ३७,०००. घरभाडं भत्ता धरला तरी ६२,००० चा हप्ता त्यात बसत नाही. रुपयाच्या पगारातून न फिटणारं हे कर्ज फक्त डॉलरच्या भरवशावर काढायचं आहे, आणि तो भरवसा ना विद्यापीठाने दिलाय ना बँकेने.

ताईला हे सांगितलं तर ती चिडली. "तू गेलास तेव्हा तुला कोणी अडवलं होतं?"

नव्हतं अडवलं. २००३ मध्ये मी आलो तो पीएचडीला. इथे बायोलॉजीच्या पीएचडीत सहसा फी माफ असते आणि वर दरमहा विद्यावेतन मिळतं. बाबांनी शिक्षकांच्या पतपेढीतून काढलेलं कर्ज तेवढं विमानाच्या तिकिटाचं होतं, ते मी दुसऱ्या वर्षी फेडलं. विषय तोच, देश तोच, पण मला विद्यापीठ पैसे देत होतं आणि भाची विद्यापीठाला देणार आहे. एम.एस. हा बहुतेक विद्यापीठांचा कमाईचा धंदा आहे, हे इथे प्राध्यापक चहा पिताना सहज बोलतात. आपल्याकडच्या कन्सल्टंटच्या माहितीपत्रकात ते सापडायचं नाही.

पीएचडीचा रस्ताही आता मोकळा राहिलेला नाही. २०२५ मध्ये सरकारने संशोधनाच्या अनुदानांना कात्री लावली आणि काही विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या. माझ्या वेळेपेक्षा तिला अवघड जाईल. तरीही मी भाचीला सांगितलं की पुण्यात एम.एस्सी. कर, आयसर किंवा एनसीसीएस या तिथल्या संशोधन संस्थांत प्रोजेक्ट मिळतोय का बघ, नेट (जेआरएफची परीक्षा) दे, आणि दोन वर्षांनी जो तुला पगार देईल त्याच्याकडे पीएचडीला ये. ती म्हणाली, "मामा, मैत्रिणी तोवर तिकडे सेटल होतील."

प्रवेश पक्का करायला ५०० डॉलर भरायचे आहेत, मुदत शुक्रवारपर्यंत. भाऊजींनी अजून भरलेले नाहीत.