लकवा आणि ‘न्यूक्लिअर स्कॅन’: त्या मेसेजबद्दल खुलासा

कोल्हापुरातल्या तालमी-मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतंय: ‘लकवा मारला की आधी न्यूक्लिअर स्कॅन करा, मेलेल्या पेशी लगेच दिसतात.’ असलं काही ऐकू नका. १०८ ला फोन लावा. आधी लागतो साधा सीटी स्कॅन. रक्तस्राव झालाय का, हे त्यात कळतं. रक्तस्राव नसेल, तर रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा लकवा मारल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि गगनबावड्याकडून यायचं तर त्यातला बराच वेळ रस्त्यातच जातो.

न्यूक्लिअर तपासणी, म्हणजे शरीरात थोडं किरणोत्सारी द्रव्य सोडून केलेला स्कॅन, थोतांड नव्हे. त्यातल्या स्पेक्ट या प्रकारात टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य वापरून मुख्यतः मेंदूचा रक्तपुरवठा दिसतो. चेतापेशी (मेंदूचं काम करणाऱ्या पेशी) शाबूत आहेत का, हे फ्लुमाझेनिल नावाचं, या पेशींना चिकटणारं औषध वापरून केलेलं पेट (न्यूक्लिअर स्कॅनचाच दुसरा प्रकार) दाखवू शकतं. पण त्यातल्या किरणोत्सारी कार्बन-११चं अर्धायुष्य (निम्मा संपायला लागणारा वेळ) जेमतेम २० मिनिटं, म्हणजे तो बनवणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, जवळच हवं. त्यामुळे ते बहुतेक संशोधनापुरतंच राहिलंय.