मयताची ओळख

बेळगावच्या वडगावात कुणाच्या घरी काय शिजतंय ते चार घरांना कळतं, पण कंपाउंडच्या भिंतीवर कोण मेलं ते कुणालाच धड सांगता येत नाही. सकाळी भिंतीवर मूठभर पिसं, दोन्हीकडच्या अंगणांत आणखी, आणि मयत गायब. शेजारच्या मामांची गच्चीवर कबुतरं, आमच्याकडे बोका. यापुढे तपासाची गरज कुणालाच वाटली नाही.

"सर, तुमच्या बोक्यानं माझं गिरीबाज खाल्लं की ओ!"

समोरच्या अज्जींनी एक पीस उचलून "पारिवाळ ऐत्री", कबूतरच आहे, असं कानडीत म्हणत मामांच्या बाजूनं साक्ष दिली. दूधवाल्यानं कोंबडी ठरवली. आमच्या हिनं भारद्वाज सुचवला, कारण तो दिसला की दिवस बरा जातो आणि आज तो दिसलाच नव्हता. भारद्वाजाचे पंख विटकरी असतात, इथं विटकरीचा मागमूस नाही, असं मी म्हणालो. तिनं माझ्याकडे बघितलं, पिसांकडे नाही.

शेवटी चष्मा लावून भिंतीशी उकिडवा बसलो. मांजर चावून तोडतं. पिसांचे देठ मोडतात, लाळेनं झुपके होतात. शिकारी पक्षी आधी सोलून घेतो, एकेक पीस उपटून, त्यामुळे देठ मुळापर्यंत शाबूत राहतात. इथले सगळे शाबूत, एकावर तर चोचीचा चिमटा बसलेला. बोका निर्दोष! पण मयत? शेपटीचं पीस काळपट, टोकाला पांढरं. आणि मानेची ती नखाएवढी पिसं: काळी, टोकाशी दुभंगलेली, दोन्ही टोकांना पांढरा ठिपका. असा चौकडीचा गळपट्टा कबुतर कधी घालत नाही. हा ठिपकेवाला होला.

"मग माझं एक कमी कसं?" म्हणत मामा गच्चीवर मोजायला गेले. कबुतरं काही हजेरीला उभी राहत नाहीत. दर खेपेला आकडा वेगळा, आणि जो कमी येईल तो खरा.

सीमाप्रश्नावर महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला, महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि मी भिंतीवरचा वाद नाष्ट्याच्या आत मिटवायला निघालो होतो! तरी ते दुभंगलेलं पीस मामांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट केलं, फुंकर मारली, गच्चीकडे बघितलं.

"बरं, होला तर होला. मारलं कुणी?"

"शिक्रा. ससाण्यासारखाच छोटा शिकारी पक्षी म्हणा की."

"कुठं बसतोय त्यो?"

मी उत्साहानं वर बोट दाखवलं.

मामांनी बोटाच्या रेषेत मान वर केली, झाड नीट न्याहाळलं आणि अज्जींनाही ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं, "नारळ कुणाचा ओ त्यो, सर?"