उमेदवाराचं फेसबुक उघडण्याआधी

इंटरव्ह्यू झाला, मुलगा बाहेर जाऊन बसला, की आत कुणीतरी मोबाइल काढतं आणि त्याचं नाव फेसबुकवर टाकतं. चाकण, रांजणगाव, भोसरी, कुठंही भरतीला बसलेल्या माणसाला हे नवं नाही. मी स्वतः एचआरमध्ये आहे आणि हे बंद व्हायला हवं असं माझं ठाम मत आहे. आज ज्या पद्धतीनं चालतं तसं तर नकोच नको.

या विषयावर जे काही बोललं जातं ते सगळं उमेदवाराला उद्देशून असतं. जुन्या पोस्ट काढून टाक, पार्टीचे फोटो ठेवू नकोस, लिंक्डइनवर नीट कपड्यातला फोटो लाव. सल्ला वाईट नाही. पण बघणारा नेमकं काय बघतो, याबद्दल कुणी तोंड उघडत नाही.

मी सांगतो. क्वालिटी इन्स्पेक्टरची जागा होती. डिप्लोमा झालेला मुलगा. मायक्रोमीटर हातात दिला तर बिनचूक रीडिंग घेतलं, ड्रॉइंगवरचे टॉलरन्स न अडखळता वाचले. बायोडेटात जात नव्हती, धर्म नव्हता, पक्ष नव्हता. प्रोफाइल उघडलं तर पहिलाच फोटो 14 एप्रिलच्या मिरवणुकीतला, हातात निळा झेंडा. मॅनेजर खाली खाली स्क्रोल करत गेले आणि म्हणाले, “चळवळीतला दिसतोय. उद्या युनियन काढेल.” मायक्रोमीटरचा विषय तिथंच संपला. मी हरकत घेतली, टेस्टचे मार्क पुन्हा टेबलावर ठेवले, बराच वाद झाला आणि शेवटी मुलगा रुजू झाला. आज तो उत्तम काम करतोय. पण त्या खोलीत कुणीच काही बोललं नसतं तर त्याला ‘नंतर कळवतो’ एवढंच ऐकायला मिळालं असतं, आणि का नाकारलं ते जन्मात कळलं नसतं.

मुलींच्या बाबतीत साखरपुड्याचा फोटो पुरतो. “लग्न ठरलंय, सहा महिन्यांत सोडून जाईल.” हा प्रश्न तोंडावर विचारायला आता लोक कचरतात. प्रोफाइल उघडलं की विचारावाच लागत नाही. नोकरीच्या अर्जात जे विचारूच नये, ते सगळं असं मागच्या दारानं आत येतं: जात, धर्म, मत कुणाला देतो, मूल कधी होणार. कामाशी यातल्या कशाचा संबंध आहे?

कायदा इथं फारसा उपयोगी पडत नाही. 2023 चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आपण स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला लागूच होत नाही. कलम 3 मध्ये त्याचं उदाहरणही सोशल मीडियावर आपली मतं मांडणाऱ्या व्यक्तीचंच दिलंय. म्हणजे प्रोफाइल पब्लिक असेल तर बघणाऱ्याला या कायद्याचा अडसर नाही.

नोकरी लागल्यानंतरची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथं काही बाबतींत मी कंपनीच्या बाजूनं उभा राहीन. गेटवर सिक्युरिटीवाला मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतो तो उगाच नाही. बाजारात न आलेल्या गाडीचा पार्ट कुणाच्या रीलमध्ये मागे दिसला तर कस्टमर थेट जाब विचारतो, ऑर्डर हातची जाऊ शकते, आणि ऑर्डर गेली की पन्नास घरांच्या चुलीवर येतं. अशा वेळी कारवाई झाली तर तक्रार करायला जागा नाही. मशीन चालू असताना रील करणं तर जिवाशी खेळ आहे.

पण सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या मोबाइलवर, ऊसदरावर किंवा आरक्षणावर कुणी काही लिहिलं तर तो त्याचा नागरिक म्हणून हक्क आहे. सुपरवायझरनं स्टेटसचा स्क्रीनशॉट काढून वर पाठवायचा आणि मॅनेजमेंटनं ‘शिस्त’ म्हणून तो वापरायचा, हे मला मान्य नाही.

सरकारी नोकरीत निदान काय चालेल आणि काय नाही ते लिहून तरी दिलेलं असतं. 28 जुलै 2025 च्या शासन निर्णयानं राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवायला सांगितलंय, गणवेश, पदनाम, सरकारी वाहन यांचा रील्समध्ये वापर नको असं बजावलंय, आणि शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करायलाही मनाई केलीय. हा शेवटचा भाग मला पटत नाही. त्रिपुरा उच्च न्यायालयानं जानेवारी 2020 मध्ये फेसबुक पोस्टच्याच एका प्रकरणात सांगितलं होतं की, सरकारी नोकरीत आलं म्हणून अभिव्यक्तीचा हक्क संपत नाही. सेवा नियमांच्या मर्यादा तेवढ्या पाळाव्या लागतात. 2022 मध्ये एसटीच्या एका महिला कंडक्टरला गणवेशातल्या व्हिडिओंवरून निलंबित केलं गेलं, लोकांनी आवाज उठवला आणि निलंबन मागे घ्यावं लागलं. तिच्या बाजूनं बोलायला नियम होते, माणसं होती, बातम्या होत्या.

खासगीत काय? नियुक्तीपत्रात एकच ओळ: ‘कंपनीच्या प्रतिमेस बाधा येईल असे वर्तन करू नये.’ या ओळीत काहीही बसवता येतं. कायम कामगाराला निदान कारणे दाखवा नोटीस, चार्जशीट, चौकशी असं काहीतरी मिळतं. कंत्राटी पोराचा गेटपास काढून घेतात आणि ठेकेदार फोन उचलत नाही. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत स्थायी आदेश, म्हणजे कामाच्या अटी आणि शिस्तीचे लेखी नियम, 300 किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणीच बंधनकारक आहेत. आपल्या एमआयडीसीतले बहुतेक युनिट त्याहून लहान. म्हणजे गैरवर्तन कशाला म्हणायचं, हे तिथं मालकाच्या मनावर.

ज्यांना हे फक्त शॉप फ्लोअरचं दुखणं वाटतं त्यांनी पुण्यातल्या आयटीवाल्या घरांत विचारून बघा. 15 डिसेंबर 2025 पासून अमेरिकेनं एच-1बी (तिकडे नोकरीसाठीचा व्हिसा) आणि एच-4 (त्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) अर्जदारांनाही प्रोफाइल पब्लिक करायला लावलं, व्हिसा इंटरव्ह्यूच्या तारखा महिनोन्महिने पुढं गेल्या, आणि व्हिसा स्टॅम्पिंगला आलेली मुलं इथं अडकली. तिकडे नोकरी, घरभाडं, मुलांची शाळा सगळं चालू. मोठ्या पगाराच्या लोकांनाही आपलं प्रोफाइल कुणी चाळत बसलं की कसं वाटतं ते तेव्हा कळलं.

माझी मागणी साधी आहे. निवड करणाऱ्या माणसानं निकाल लागेपर्यंत उमेदवाराचं प्रोफाइल उघडायचं नाही. पडताळणी करायचीच असेल तर ती ऑफर ठरल्यावर, निवडीशी संबंध नसलेल्या माणसानं करावी, आणि तीही ठरलेल्या गोष्टींसाठी: खोटा अनुभव, धमक्या, जुन्या कंपनीची गुपितं उघड करणं. उमेदवाराला ते आधी सांगावं आणि काही आढळलं तर त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं. रुजू होताना सोशल मीडियाचा नियम मराठीत, एका पानावर, सहीसह हातात द्यावा. कंत्राटी कामगारालाही. हे पान मी आमच्याकडे मांडलंय, अजून मंजूर झालेलं नाही, पाठपुरावा चालू आहे.

एचआरमधल्या मित्रांनो, तुमच्याकडे असा लेखी नियम असेल तर कंपनीचं नाव न घेता त्याची भाषा खाली लिहा. मला ती पुढच्या मीटिंगला लागणार आहे.