घोडीने रान उजाड केलं, की मी?

दादा, माझ्या घोडीबद्दलच्या लिखाणावरची तुमची प्रतिक्रिया झोंबली, कारण निम्मी खरी आहे. तुम्ही लिहिलंत: "घोडं गवत मुळापर्यंत कुरतडतं, रान उजाड करतं. त्यापेक्षा दोन म्हशी बांधा, दूध तरी मिळेल. घोडीच ठेवायची तर नेपियर गवत लावा, एकदाच पोटभर चारून सोडा."

मुळापर्यंत खाते, कबूल. म्हैस जिभेने गवत गुंडाळून ओढते. घोडीला वर-खाली पुढचे दात, ती कात्रीसारखं जमिनीलगत कापते. लीद टाकते त्या कोपऱ्याला मात्र तोंड लावत नाही. म्हणून एकीकडे टक्कल, दुसरीकडे गुडघाभर गवत. खानापूरकडच्या आमच्या रानात पहिल्या वर्षी मी तिला भर आषाढात मोकळी सोडली. टापांनी तांबड्या मातीचा नुसता राडा झाला, मागून टाकळ्याचं तण तेवढं माजलं. सोडणारा मीच.

आता पावसाळाभर ती मुरमाच्या आवारात, कडब्यावर. वाफसा आला की रानात. रानाचे चार तुकडे केलेत; गवत चार बोटांवर आलं की पुढचा तुकडा, आणि मागून शेजाऱ्यांची गुरं. लिदीभोवतीचं गवत गुरांना चालतं. त्यासोबत घोड्याच्या जंतांच्या अळ्याही त्यांच्या पोटात जातात आणि बहुतेक तिथेच मरतात. अथणीकडचे धनगर मेंढरांबरोबर तट्टं घेऊन फिरतात, तळ सारखा हलता. मी चार तुकड्यांत तेच करायला बघतोय, एवढंच.

नेपियरचं मात्र ऐकणार नाही. त्यातलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य कॅल्शियम अडकवून ठेवतं. म्हशीच्या पोटातले जिवाणू ते बऱ्यापैकी मोडतात. घोड्याचं जिवाणूंचं पोट आतड्याच्या पार शेवटी, तोवर कॅल्शियम गेलेलं असतं. महिनोन्‌महिने तेच घातलं तर हाडं ठिसूळ होतात, तोंड सुजल्यासारखं दिसायला लागतं. आणि "चारून सोडा" तर नकोच. घोड्याचं जठर लहान, त्याला दिवसभर थोडं थोडं लागतं. एकदम भरलं तर पोटशूळ, आणि उलटी करून मोकळं होणं त्याच्या नशिबात नाही.

म्हशीच्या दुधाचा मुद्दा तुमचा. तिथे मी हरलो.

लीद हवी तर पोती घेऊन या. पण तुमच्या भाताच्या तरव्यात कच्ची टाकू नका, तणाचं बी घोडीच्या पोटातून तसंच बाहेर येतं. इथल्या उकिरड्यात चांगली तापून कुजलेली आहे, तीच न्या.