फुकट आहे, बेवारस नाही

गेल्या महिन्याभरात तो मेसेज मला तीनदा आला. आधी महापेतल्या जुन्या टीमच्या ग्रुपवर, मग कॉलेजच्या, आणि तिसऱ्यांदा अशा ठिकाणाहून की हे उत्तर लिहायला बसावंच लागलं. ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्यांच्यासाठी सारांश (ओपन सोर्स म्हणजे मूळ कोड सगळ्यांसाठी खुला असलेलं सॉफ्टवेअर, एमआयटी हा त्याचा एक परवाना): ‘डेव्हलपर मित्रांनो, घाबरू नका. ओपन सोर्स म्हणजे फुकट. मूळ लेखकाचं नाव देणं हा शिष्टाचार आहे, सक्ती नाही. एमआयटी लायसन्स कोर्टात टिकत नाही. लेखक परदेशात, रजिस्ट्रेशन नाही, भारतात कोण काय करणार? वेबसाइटला तर हे लागूच नाही. हजार पॅकेजेसची नावं देत बसलं तर काम कधी करायचं? आणि आता कोड एआय लिहितो, म्हणजे विषयच संपला.’ शेवटी ‘लेखक: अज्ञात’. निदान स्वतःच्या तत्त्वाला तरी जागलेत.

आधी माझा स्वार्थ सांगतो. मी ऐरोलीत एका कंपनीत रिलीजचं काम बघतो. काही वर्षांपूर्वी एक छोटी लायब्ररी, म्हणजे इतरांना आपल्या प्रोग्रॅममध्ये घालता येईल असा तयार कोड, लिहून एमआयटी लायसन्सखाली टाकली होती. काम एकच, आकड्यांचं मराठीत अक्षरी करायचं. मराठीत हे सूत्राने होत नाही. एक ते शंभर, प्रत्येक शब्दाची वेगळी तऱ्हा, त्यामुळे अख्खा तक्ता हाताने टाइप केलेला. त्यात ७९ पुढे ‘एकोणऐंशी’ऐवजी माझ्याकडून ‘एकोणएंशी’ पडलं आणि राहून गेलं.

दिवाळीत घणसोलीला मावशीकडे गेलो होतो. तिने मोबाइल पुढे केला, ‘बघ रे, सोसायटीच्या ॲपने कसला दंड लावलाय.’ मेंटेनन्सची पावती होती, रक्कम २,८७९. खाली ‘अक्षरी रुपये दोन हजार आठशे एकोणएंशी फक्त’. दंड राहिला बाजूला, मी त्या शब्दाकडेच बघत बसलो. असा शब्द कुठल्या अंकलिपीत नाही, माझ्या तक्त्यात आहे. ॲपमधली सगळी पानं उघडून पाहिली. गोपनीयता धोरण होतं, अटी-शर्ती होत्या, ‘आम्हाला पाच तारे द्या’ होतं. माझं नाव कुठे नव्हतं. ॲपवाल्यांना मेल टाकला, तर ‘सर, ओपन सोर्स तर फ्री असतं ना?’ असं उत्तर आलं आणि खाली पुरावा म्हणून हाच फॉरवर्ड चिकटवलेला. तिसऱ्यांदा आला तो असा.

फुकट आहे, ते खरंच. एमआयटी लायसन्स जेमतेम पावणेदोनशे शब्दांचं आहे. वापरा, बदला, विका, स्वतःच्या बंद प्रॉडक्टमध्ये घाला, सगळ्याला परवानगी. मागणं एकच: कॉपीराइटची ओळ आणि हा परवान्याचा मजकूर प्रत्येक प्रतीबरोबर, किंवा मोठा भाग उचलला असेल तर त्याबरोबर, ठेवा. आणि ही विनंती नाही. परवानगीच ‘पुढील अटींवर’ अशा शब्दांत दिलेली आहे. अट मोडली की परवानगीचा आधार गेला, आणि परवानगीविना केलेली प्रत म्हणजे साधं कॉपीराइट उल्लंघन.

‘कोर्टात टिकत नाही’ म्हणणाऱ्यांची गाडी नेमकी इथेच अडते, म्हणून जेकबसन विरुद्ध कॅट्झर हा खटला जरा सविस्तर सांगतो. विषय खेळण्यातल्या रेल्वेचा. रॉबर्ट जेकबसन आणि इतर हौशी मंडळींनी मॉडेल रेल्वे चालवण्यासाठी जेएमआरआय नावाचं सॉफ्टवेअर लिहून आर्टिस्टिक लायसन्स या दुसऱ्या एका ओपन सोर्स परवान्याखाली मोफत दिलं होतं. कॅट्झरच्या कंपनीने त्यातल्या फाइल्स आपल्या विकाऊ प्रॉडक्टमध्ये घेतल्या. घेताना लेखकांची नावं गेली, कॉपीराइटच्या ओळी गेल्या, मूळ कुठलं आणि आपण काय बदललं तेही गेलं. खालच्या कोर्टाने जवळपास फॉरवर्डसारखंच म्हटलं: परवाना इतका सढळ आहे की हा फार तर करारभंग, कॉपीराइट उल्लंघन नव्हे. ऑगस्ट २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील कोर्टाने ते फिरवलं. नाव आणि बदलांची नोंद ठेवणं ही परवान्याची अट आहे, पैसे घेतले नाहीत म्हणून लेखकाचा आर्थिक हितसंबंध संपत नाही, आणि अशी अट मोडणाऱ्याला मनाईहुकमानेही रोखता येऊ शकतं, असं त्या निकालाचं सार. २०१० मध्ये तडजोड झाली, कॅट्झरने एक लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. खेळण्यातल्या रेल्वेच्या फाइल्ससाठी.

युरोपातही तेच. पॅरिसच्या अपील कोर्टाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ऑरेंज या बड्या टेलिकॉम कंपनीला जीपीएल हा ओपन सोर्स परवाना मोडल्याबद्दल दणका दिला. आर्थिक नुकसानीचे पाच लाख युरो वेगळे आणि बिगर-आर्थिक (नैतिक) हानीचे दीड लाख वेगळे.

‘ठीक आहे, पण भारतात?’ हे निकाल परदेशातले आहेत आणि आपल्या कोर्टावर बंधनकारक नाहीत, मान्य. पण कायदा आपलाही आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम हे साहित्यकृतीतच मोडतात. बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारातल्या देशांच्या लेखकांना १९९९ च्या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट आदेशाने इथे संरक्षण आहे, म्हणजे लेखक फिनलंडचा की फलटणचा याने फरक पडत नाही. रजिस्ट्रेशनचं म्हणाल तर मार्च २०२१ मध्ये आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने खाद्यतेलाच्या पाकिटावरच्या लेबलच्या दाव्यात स्पष्ट केलं की कॉपीराइटसाठी नोंदणी सक्तीची नाही. कलम ५७ लेखकाला कृती आपली असल्याचं सांगण्याचा हक्क देतं, तोही कॉपीराइट विकून टाकल्यानंतरसुद्धा. आणि ज्याचं नाव फॉरवर्डवाल्याने बहुधा ऐकलं नसेल ते कलम ६५-ब, २०१२ च्या दुरुस्तीत आलेलं. लेखकाचं नाव, हक्कधारकाची ओळख, वापराच्या अटी ही माहिती जाणूनबुजून, अधिकार नसताना काढून टाकली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. फाइलच्या माथ्यावरची कॉपीराइटची ओळ या व्याख्येत सरळ बसते असं माझं मत आहे. तेव्हा ‘कोड स्वच्छ कर’ म्हणून ज्युनिअरला ती ओळ उडवायला सांगणाऱ्या टीम लीडने हे कलम एकदा वाचावं.

वेबसाइटचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, आणि अर्धा बरोबर असतो तोच जास्त घोळ घालतो. कोड तुमच्या सर्व्हरवरच राहत असेल तर एमआयटीची अट सहसा लागत नाही, कारण प्रत कोणाच्या हातात गेलेली नसते. (एजीपीएल हा परवाना याला अपवाद. तो नेमका ही पळवाट बुजवायलाच लिहिला गेला.) पण ब्राउझरमध्ये जी जावास्क्रिप्ट, म्हणजे साइट चालवणारा कोड, उतरते ती प्रतच आहे. वाशीच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून कोणी तुमची साइट उघडली की त्याच्या फोनमध्ये एक प्रत गेली. मोबाइल ॲपबद्दल तर बोलायलाच नको.

उलट जिथे खरंच गरज नाही तिथे आपली माणसं घाबरतात. ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ नावाचा फाँट वापरून लग्नपत्रिका छापली तर त्यावर फाँटवाल्यांचं नाव द्यावं लागत नाही. तीच फाँट फाइल ॲपमध्ये घालून दिलीत तर सोबत कॉपीराइट आणि परवाना हवा.

‘हजार पॅकेजेस’ ही तक्रार ऐकून मला हसू येतं, आणि थोडी लाजही वाटते. वेबपॅक या कोड एकत्र बांधणाऱ्या टूलची पाचवी आवृत्ती प्रॉडक्शन बिल्ड (लोकांना द्यायची अंतिम बांधणी) करताना लायसन्सच्या खुणेच्या कॉमेंट गोळा करून शेजारी वेगळी फाइल आपणहून बनवते, नावाच्या शेवटी ‘लायसन्स डॉट टीएक्सटी’. त्यात सगळंच येतं असं नाही, बाकीचं लायसन्स तपासणारी टूल्स काही मिनिटांत काढतात. तर आमच्या डिप्लॉय स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कोड सर्व्हरवर चढवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, एक ओळ होती: सर्व्हरवर चढवण्याआधी सगळ्या टीएक्सटी फाइल्स डिलीट, ‘कचरा’ म्हणून. ती ओळ मीच लिहिली होती. मावशीकडून परतल्यावर दुसऱ्या दिवशी ती काढली. शिवाय आता बँका आणि ब्रोकर मंडळी सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी मागतातच. २०२४ मध्ये सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने तिच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सेबीच्या सायबर सुरक्षा चौकटीतही ती आली. यादी करायचीच आहे, तर तिच्यातून नावांचं एक पान काढायला किती वेळ लागतो?

नाव दिल्याने त्रास झालाच तर तो लेखकाला होतो. ‘कर्ल’ या ओपन सोर्स टूलचा लेखक डॅनियल स्टेनबर्ग याचा ईमेल परवान्याच्या मजकुरात असल्याने तो गाड्यांच्या स्क्रीनवर दिसतो, आणि टोयोटा चालवणारे लोक त्याला गाडीच्या तक्रारी कळवतात.

एआयबद्दल एवढंच: टूलने एखाद्याचं फंक्शन जसंच्या तसं ओकलं, तर त्यावरचा हक्क मधल्या मध्ये विरघळत नाही. ‘मला यंत्राने दिलं’ हे चोरबाजारातल्या पावतीइतकंच कामाचं.

एक गोष्ट मात्र फॉरवर्डवाल्याला देतो. परवान्याची क्षुल्लक चूक पकडून पैसे उकळणारे लोक आहेत, आणि त्यांच्यामुळे बदनामी सगळ्यांची होते. म्हणून मी वकिलाकडे गेलो नाही. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत पहिल्यांदा चुकलेल्याला नोटिशीनंतर ३० दिवसांत चूक दुरुस्त केली तर परवाना परत मिळतो. एमआयटीत ही सवलत नाही, मी ती आपणहून दिली. दुसऱ्या मेलमध्ये फाइल कुठली, ओळ कुठली, काय चिकटवायचं हे सगळं तयार लिहून दिलं. कलम ६५-बचा उल्लेख शेवटी, एका ओळीत.

बाविसाव्या दिवशी ॲप अपडेट झालं. ‘ॲपबद्दल’मध्ये आता एक नवीन पान आहे, त्यात चाळीसेक नावांत माझंही. मावशीला उघडून दाखवलं. तिने चष्मा वर करून नाव वाचलं, मग या महिन्याची पावती काढली आणि म्हणाली, ‘मग हे एकोणएंशी तुझंच होय रे? दुरुस्त कर की आता.’